मामंजींच्या वहीतली १२३४५६७८९८७६५४३२१ : चुकलं कोण, वही की संगणक?

अंजर्ल्याची सून (प्रश्न)

नमस्कार. गणपतीच्या आधी दरवर्षी आम्ही माळा झाडायला काढतो. यंदा जुन्या ट्रंकेत मामंजींच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. मामंजी म्हणजे माझे सासरे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी डोंबिवलीत काढली, रोज लोकलने मुंबईला जाऊन-येऊन. निवृत्त झाल्यावर इथे अंजर्ल्याला आले आणि शेवटपर्यंत आगर सांभाळलं. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

वह्यांत बहुतेक आगराचाच हिशेब आहे. नारळ किती उतरवले, पाडेल्याला काय दिलं, सुपारी किती सोलली, आंब्याच्या पेट्या किती गेल्या. पण एका वहीच्या शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीने नुसता एक गुणाकार मांडलाय:

१११११११११ × १११११११११

खाली नऊ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज लिहिली आहे १२३४५६७८९८७६५४३२१. त्याखाली, "नवाचा ताळा जमला. अकराचा ताळा जमला." मग दोन सुटे शब्द, "हर्षद" आणि "डेमलो". आणि पानाच्या कोपऱ्यात गोल करून "आई : २४०". हे शेवटचं मी नारळांचं धरलं. आई म्हणजे माझ्या आजेसासूबाई, त्यांच्याकडे २४० नारळ पाठवले असतील.

माझा मुलगा अकरावीला आहे. त्याने तोच गुणाकार संगणकावर स्प्रेडशीटमध्ये केला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. तो म्हणाला, "आई, आजोबांचं २१ ने चुकलंय."

मी बी.कॉम. आहे, सोसायटीच्या वह्या लिहिते. मामंजींच्या हिशेबात एका पैशाची चूक मी कधी पाहिली नाही. मला जोडबेरीज शिकवली ती त्यांनी, सुपारीच्या पाट्या मोजता मोजता. म्हणून मी दोन रात्री बसून, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, तो गुणाकार स्वतः केला. माझंही शेवटी ३२१ च येतं. पण संगणक चुकतो हे मुलाला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठामपणे सांगता येत नाही.

तर विचारायचं असं, की बरोबर कोण? आणि "हर्षद", "डेमलो" म्हणजे काय? ही संख्या कशात मोडते, तिचे गुण काय, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. त्यांनी ते पान काही उगाच लिहिलं नसणार.


दापोलीचा संगणकवाला (उत्तर)

ताई, वही बरोबर आहे. मुलाला रागावू नका, हा गोंधळ पुष्कळांचा होतो.

स्प्रेडशीट आकडा ६४ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ६४ घरांत, साठवते. त्यातली काही बिटं चिन्हाला आणि घाताला जातात, प्रत्यक्ष अंकांना ५२ उरतात, आणि एक न साठवताच धरलेलं असतं, असे ५३. म्हणून २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी राहते. त्याच्या पुढे मात्र एक सोडून एक, म्हणजे फक्त सम संख्याच साठवता येतात. तुमची संख्या त्या मर्यादेच्या पुढची, शिवाय विषम. तिला तिथे जागाच नाही. आत साठतं ते …३२०. त्यात स्प्रेडशीट पंधराच अंक दाखवते आणि पुढे शून्यं भरते, म्हणून पडद्यावर …३०० दिसलं.

तुम्ही सोसायटीचं काम करता म्हणून मुद्दाम सांगतो. सोळा अंकी कार्ड नंबर आकडा म्हणून टाकलात तर याच कारणाने शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, आणि तो परत मिळत नाही. असे नंबर आधी रकाना "मजकूर" करूनच टाकायचे.

मुलाला पायथॉन या संगणकाच्या भाषेत करून बघायला सांगा. तिथे पूर्ण संख्येला लांबीची अट नाही. 111111111 ** 2 लिहिलं की सतराच्या सतरा अंक येतील.


गुहागरचे मास्तर (उत्तर)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी संध्याकाळची फेरी सोडली आणि कागद घेऊन बसलो. सदतीस वर्षं गणित शिकवलं, त्यात मला सर्वांत प्रिय असलेल्या संख्यांपैकी ही एक.

आधी ताळा, कारण तुमच्या मामंजींनी तो लिहून ठेवलाय आणि संगणक न उघडता निकाल त्यावरच लागतो. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गालाही गेलाच पाहिजे. वहीतल्या उत्तराच्या अंकांची बेरीज ८१, आठ आणि एक नऊ. जमलं. स्प्रेडशीटच्या उत्तराची बेरीज ७८, सात आणि आठ पंधरा, एक आणि पाच सहा. नाही जमलं. अकराचा ताळा उजवीकडून एक अंक अधिक, एक वजा असा. नऊ एकांचा येतो १, त्याचा वर्ग १. वहीतल्या उत्तराचाही १. स्प्रेडशीटच्या उत्तराचा येतो २. दोन्ही ताळ्यांत संगणक नापास. मुलाला हे स्वतः करू द्या, कुणी सांगितलेलं ऐकण्यापेक्षा ते चांगलं.

आता १ पासून ९ पर्यंत चढून परत १ वर उतरणारं हे उत्तर येतं कसं? तुम्ही हाताने केलंय, तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. उजवीकडच्या टोकाच्या घरात एकच १. त्याच्या डावीकडे दोन. मग तीन. मधल्या घरात नऊच्या नऊ ओळींचे १ एकाखाली एक येतात, आणि पुढे परत एकेक कमी. कुठेही हातचा येत नाही. म्हणून घरातल्या एकांची संख्या तशीच उत्तरात उतरते. दहा एकांचा वर्ग करून पाहा, मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि शिस्त मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ हरवला, मध्ये दोन शून्यं आली. म्हणजे तुमच्या वहीतली संख्या ही या रांगेतली शेवटची शाबूत संख्या आहे. १, १२१, १२३२१, १२३४३२१, अशी ती रांग, आणि टोकाला ही.

या रांगेलाच डेमलो म्हणतात. नाव दिलं गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. त्या वेळच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेमलो नावाचं स्टेशन होतं, तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. ते स्टेशन म्हणजेच आजची डोंबिवली. तुमच्या मामंजींनी उभी नोकरी तिथून केली, तेव्हा हा शब्द त्यांच्या वहीत का आला याचं मला नवल वाटत नाही.

हर्षद हेही कापरेकरांचंच नाव. हर्ष देणारी ती हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. १२ घ्या, बेरीज ३, भाग जातो. १७२९ घ्या, बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. तुमच्या संख्येची बेरीज ८१. आता १११११११११ = ९ × १२३४५६७९ (यात आठ नाही, नीट बघा). म्हणून वर्ग = ८१ × १२३४५६७९ चा वर्ग. ८१ ने भाग जाणारच, आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. नुसती हर्षद नव्हे, भागाकारही पूर्ण वर्ग. हे मला फार आवडतं.

अवयव सांगतो. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यातली ३३३६६७ मूळ संख्या आहे का, हे तपासायला ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल असं वाटतं, पण तेवढं नको. तिला ३ ने आणि ३७ ने भाग जात नाही हे चटकन दिसतं (३७ ने भागल्यास बाकी १). आता ही संख्या ९९९९९९९९९ चा अवयव आहे, म्हणून तिचा काही अवयव असलाच तर त्याला १८ ने भागून बाकी १ उरायला हवी. अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत, ३७ सोडून, सोळाच: १९, ७३, १०९, १२७ अशा. सोळा भागाकार, अर्ध्या तासाचं काम. एकानेही भाग जात नाही.

तर तुमची संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आली, कारण ती पूर्ण वर्ग आहे. बावीस जोड्या होतात आणि मध्ये १११११११११ एकटी उरते, तिची जोडी तिच्याशीच. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून जराशीच जास्त भरते, म्हणजे संख्येपेक्षा कमीच, म्हणून ती न्यून संख्यांत मोडते. उलट वाचली तरी तीच, हे तर दिसतंच आहे.

आणखी एक, मग थांबतो. संख्या नवव्या घरापाशी कापा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज करा. ९९९९९९९९९. कारण आपली संख्या ९९९९९९९९९ × १२३४५६७९ अशीही लिहिता येते. यामुळे गुणाकार न करता नुसत्या वजाबाकीनेही उत्तर पडताळता येतं: १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा करा. दोन रात्रींचं काम दोन मिनिटांत होईल, पण तुम्ही दोन रात्री दिल्यात ते मला जास्त मोलाचं वाटतं.

कापरेकरांविषयी एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. आणि ते रँग्लर परांजपे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय, तुमच्या अंजर्ल्याशेजारच्या मुर्डीचे. कापरेकर मास्तरच राहिले, हातात पाटी-पेन्सिलच होती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे बाहेर नाव झालं. मी शाळेत वर्षातून एक तास फक्त त्यांच्या संख्यांना द्यायचो. अभ्यासक्रमात नव्हता तो तास, पण मुलांना तोच आठवतो.

कोपऱ्यातली "आई : २४०" मला उलगडली नाही. नारळ असतीलही.


मालवणचो सुतार (उत्तर)

ताईनू, माका शाळेतला गणित आता फारसा आठवना नाय, पण तुमचो धागो मी दोनदा वाचलंय. सगळ्यांका कळांदे म्हणून पुढचा प्रमाण मराठीत लिहितंय.

घराचा पाया आखताना आम्ही काटकोन दोरीने काढतो. एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, आणि तिरकी दोरी बरोबर पाच भरली की कोपरा गुण्यात. माझ्या वडिलांनी मला गुण्या हातात द्यायच्या आधी दोरी दिली. मास्तरांनी वर्ग म्हटलं तेव्हा मनात आलं, तिरकी दोरी १११११११११ घेतली, तर बाकीच्या दोन बाजू पूर्ण आकड्यात येतील का? पाचने भाग जात नाही, म्हणजे ३-४-५ वाढवून तर चालणार नाही.


गुहागरचे मास्तर (उत्तर)

वा! येतील. आणि फक्त एकाच प्रकारे येतील.

कर्णाला भागणाऱ्या मूळ संख्यांपैकी ज्यांना ४ ने भागून बाकी १ उरते त्याच कामाला येतात. इथे ३ ची बाकी ३, ३३३६६७ चीही बाकी ३. उरली ३७, तिची बाकी १. तिचा त्रिकोण १२, ३५, ३७. १४४ आणि १२२५ मिळून १३६९, म्हणजे ३७ चा वर्ग. आता १११११११११ ला ३७ ने भागा, येतात ३००३००३. त्याने तिन्ही बाजू गुणा:

३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११.

म्हणजे ताईंची संख्या दोन वर्गांच्या बेरजेतही बसली. आकडे मोठ्याने वाचा, छत्तीस शून्य छत्तीस शून्य छत्तीस, एकशे पाच तीनदा, ताल लागतो. तुम्ही दोरीवरून इथे पोचलात, याचा मला फार आनंद झाला. तुमच्या प्रश्नाशिवाय मी हे मांडून पाहिलं नसतं.


अंजर्ल्याची सून

सर्वांचे मनापासून आभार. मुलाने दोन्ही ताळे स्वतः केले, मग पायथॉनवरही पाहिलं. सतरा अंक आले. तो काही बोलला नाही, वही घेऊन ओटीवर जाऊन बसला आणि नऊच्या नऊ ओळी बोट ठेवून मोजल्या.

मला एक अडचण होती ती सांगते. ही संख्या मोठ्याने वाचायची कशी? कोटींत वाचायला गेलं तर कोटींचेच कोटी होतात, ऐकणाऱ्याला काही कळत नाही. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना लहानपणी वडिलांनी लीलावतीतली नावं पाठ करून घेतली होती. भास्कराचार्यांचा तो ग्रंथ ११५० चा. त्यात एकापासून परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यं, अठरा नावं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. मी कागदावर घरं पाडली आणि त्या नाव सांगत गेल्या. डावीकडून:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

सतरा घरं, सतरा नावं, परार्धाला एकच घर कमी. तीन जलधी म्हणताना सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तीन समुद्र." आमच्या ओटीवरून भरतीचा आवाज येतो. नऊ अर्बुदाला शिखर आहे, तिथून उतरण.

"आई : २४०" बद्दल मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, आजेसासूबाई मामंजी नोकरीत असतानाच गेल्या, आगराची ही वही नंतरची. तेव्हा नारळ काही त्यांच्याकडे गेले नसणार. मग हे काय आहे?


डहाणू लोकल (उत्तर)

काकू, मी बी.एस्सी.ला आहे, गणित घेऊन. कापरेकर आमच्या डहाणूत जन्मले हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, कॉलेजात आल्यावर कळलं. तेव्हापासून त्यांचं मिळेल ते वाचतो. "आई" मला कळली असं वाटतं.

एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतली तर २१ + २ + १ = २४. म्हणजे २१ पासून २४ जन्मली. २१ ही २४ ची जनक संख्या. तुमच्या मामंजींनी जनकऐवजी आई म्हटलं असणार. १०१ सारख्या काही संख्यांना दोन जनक असतात, ९१ आणि १००. आणि काहींना कुणीच नसतं. २० घ्या, कुठल्याच संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाहीत. अशा संख्यांना कापरेकरांनी गावावरून देवळाली संख्या म्हटलं. मराठीत स्वयंभू.

आता तुमच्या संख्येची आई शोधू. आईच्या अंकांची बेरीज ब धरा. अंक जास्तीत जास्त सतरा, म्हणून ब १५३ च्या वर जात नाही. शिवाय कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते. दोन्ही मिळून आपली संख्या होते आणि तिला ९ ने भाग जातो, म्हणून ब लाही ९ ने भाग गेलाच पाहिजे. शेवटच्या ३२१ मधून फार तर १५३ जाणार, तेव्हा पहिले चौदा अंक, १२३४५६७८९८७६५४, जागचे हलत नाहीत. त्यांची बेरीज ७५. म्हणून ब ७५ च्या वर. उरले ८१, ९०, ९९, १०८, ११७, १२६, १३५, १४४, १५३. फक्त नऊ.

८१ : ३२१ − ८१ = २४०. अंक २ + ४ + ० = ६, आणि ७५ + ६ = ८१. जमलं!

बाकीचे: ९०, ९९, १०८, ११७ वजा केल्यावर बेरीज ८१ च येते, हवी तेवढी येत नाही. १२६ पासून पुढे ९० येते. तीही नको आहे.

म्हणजे आई एकच, १२३४५६७८९८७६५४२४०. मामंजींनी तिचे शेवटचे तीन अंक लिहिले, कारण बाकीचे तेच आहेत.

हे लिहून मी झोपायला गेलो होतो, पण मग वाटलं, आईची आई कोण? परत उठलो. तीच रीत, २४० मधून वजा करत जायचं. ८१ वजा केले तर १५९, बेरीज ९०. हवी होती ८१. ९० वजा केले तर १५०, बेरीज ८१. हवी होती ९०. मग १४१, १३२, १२३, ११४, १०५, सगळ्यांची ८१. ९६ आणि ८७ ची ९०. एकही जमत नाही.

काकू, तुमच्या संख्येची आई स्वयंभू आहे. मी तीनदा तपासलं. आणि ती हर्षदही आहे, कारण आपल्या संख्येतून ८१ च कमी केलेत, आणि तिचीही बेरीज ८१.


गुहागरचे मास्तर (उत्तर)

बाळा, मी तुझे नऊच्या नऊ भाग पुन्हा करून पाहिले. बरोबर आहेत, दोन्ही वेळचे. मी आयुष्यभर ही संख्या फळ्यावर लिहिली आणि तिच्या आईकडे वळून पाहिलं नाही. तू पाहिलंस. डहाणूला माझा नमस्कार.


अंजर्ल्याची सून

आज सकाळी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. गणित त्यांना सगळं कळलं नाही, पण "स्वयंभू" म्हटल्याबरोबर त्यांनी कड्यावरच्या गणपतीच्या दिशेने हात जोडले. मग वही मागून घेतली आणि त्या कोपऱ्यातल्या गोलावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "डोंबिवलीला असताना रात्री जेवण झालं की हे काहीतरी लिहीत बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, ताळा बघतोय."

डहाणूच्या मुलाने मागे जाऊन पाहिलं, तसं मी आणि मुलाने मिळून पुढे जाऊन पाहिलं. ३२१ मध्ये ८१ मिळवले, ४०२. अंक ४, ०, २, बेरीज सहा, म्हणजे एकूण परत ८१. आणि ८१ ने भाग जातो. म्हणून २४०, ३२१, ४०२ या शेवटांच्या तिघी एका घरातल्या: प्रत्येकीची बेरीज ८१, तिघीही हर्षद. पुढे परत ८१ मिळवले तर ४८३, तिथे बेरीज ९० होते, आणि शेवटी ३ असल्याने ९० ने भाग जात नाही. चौथी हर्षद नाही.

मामंजींच्या पानावर मी काही लिहिलेलं नाही. शेजारच्या कोऱ्या पानावर, त्यांच्याच पेन्सिलीने, मुलाने गोल करून लिहिलं आहे, "लेक : ४०२".